कॅडमध्ये कोन नेमका कसा द्यावा

कसाऱ्याहून इगतपुरीकडे निघालेल्या बहुतेक गाड्यांना मागून जादा इंजिनं लावावी लागतात. त्याचं कारण एका छोट्या गुणोत्तरात आहे: ३७ ला १. वाटेतल्या थळ घाटात रूळ ३७ मीटर पुढे जाताना १ मीटर वर चढतो. हा मार्ग १८६५ साली सुरू झाला आणि आजही रेल्वेची माणसं त्या चढणीचा उल्लेख अंशांत करत नाहीत. आता समजा, एखाद्या ड्राफ्ट्समनने हीच चढण कॅडमध्ये काढायला घेतली. कॅल्क्युलेटरवर कोन १.५४८ अंश आला आणि त्याने सोयीसाठी १.५ टाइप केला. स्क्रीनवर रेषा अगदी तशीच दिसते. पण १ किलोमीटर अंतरावर ३७ ला १ ची चढण २७.०३ मीटर होते, तर दीड अंशाची २६.१९ मीटर. म्हणजे किलोमीटरमागे ८४ सेंटिमीटरचा फरक पडला.

इथे सॉफ्टवेअरने काहीच चूक केली नाही. सांगितलेला कोन त्याने चोख काढला. चूक झाली ती सांगण्यात. खरी माहिती ‘३७ ला १’ ही होती, १.५४८ हे तिच्यावरून काढलेलं उत्तर होतं आणि १.५ हे त्या उत्तराचं छाटलेलं रूप. कॅडमध्ये कोन नेमका द्यायचा तर सगळ्यात आधी हे ओळखावं लागतं की कोन आपल्याला खरोखर अंशांत दिलेला आहे, की तो दुसऱ्याच कशातून निघतो आहे. दुसऱ्या कशातून निघत असेल तर ते मूळच सॉफ्टवेअरला द्यायचं. हे कसं करायचं ते आता टप्प्याटप्प्याने पाहू. उदाहरणं नाशिक परिसरातली आहेत आणि कमांडची नावं ऑटोकॅडची. झेडडब्ल्यूकॅड, ब्रिक्सकॅड यांसारख्या सॉफ्टवेअरमध्येही ती जवळजवळ तशीच चालतात.

एक अंश म्हणजे टोकाला किती?

कोनातली चूक रेषेच्या टोकाला लांबी होऊन दिसते, आणि रेषा जितकी लांब तितकी ती मोठी होते. १ मीटर लांबीच्या रेषेच्या टोकाला १ अंश म्हणजे १७.४५ मिलिमीटर, १ मिनिट म्हणजे ०.२९ मिलिमीटर आणि १ सेकंद म्हणजे जेमतेम ५ मायक्रॉन. एवढं लक्षात ठेवलं की बाकी हिशेब तोंडी होतो. सातपूर-अंबडच्या औद्योगिक वसाहतीतल्या एखाद्या जॉब शॉपमधल्या १०० मिलिमीटरच्या जॉबवर १ मिनिटाची चूक ०.०३ मिलिमीटर होते. प्लॉटच्या १०० मीटर लांब हद्दीवर तेच १ मिनिट २९ मिलिमीटर होतं.

म्हणून नेमकेपणा किती हवा याचं उत्तर प्रत्येक कामात वेगळं असतं. नाशिक साधारण २० अंश उत्तर अक्षांशावर आहे, त्यामुळे इथल्या गच्चीवरची सोलर पॅनेलं बहुधा २० अंशांच्या आसपासच्या उतारावर बसवतात. हा कोन अर्ध्या अंशाने इकडेतिकडे झाला तरी विजेच्या बिलावर त्याचा परिणाम जाणवणार नाही. फॅब्रिकेटरचं मात्र तसं नाही. २ मीटर लांबीच्या पॅनेलसाठी मागचा पाय पुढच्यापेक्षा २० अंशांना ६८४ मिलिमीटर उंच लागतो आणि साडेएकोणीस अंशांना ६६८. एकाच रांगेत दोन स्टँड वेगवेगळ्या कोनांचे झाले तर १६ मिलिमीटरच्या फरकामुळे आडवी रेल बसणार नाही. सूर्याला चालणारी चूक लोखंडाला चालत नाही.

शून्य कुठे, फिरायचं कोणत्या बाजूने

सॉफ्टवेअरला ‘३० अंश’ म्हटलं तर ते दोन गोष्टी गृहीत धरतं: शून्य कुठे आहे आणि मोजायचं कोणत्या बाजूने. ऑटोकॅडमध्ये मुळात शून्य पूर्वेला, म्हणजे स्क्रीनवर उजवीकडे असतं, आणि कोन घड्याळाच्या काट्यांच्या उलट दिशेने वाढतो. वरची दिशा ९०, डावीकडची १८०, खालची २७०. शाळेच्या भूमितीत एक्स अक्षापासून कोन मोजतात तीच ही पद्धत.

मोजणीदाराची पद्धत वेगळी आहे. त्याचं शून्य उत्तरेला असतं आणि तो काट्यांच्या दिशेने मोजतो. होकायंत्र असंच चालतं. या दोन पद्धती एकमेकींत मिसळल्या की मोठी गडबड होते, तिच्याकडे पुढे येऊ.

हे सगळं ‘युनिट्स’ या कमांडमध्ये ठरतं. तिथे कोनाचा प्रकार निवडता येतो: दशांश अंश, अंश-मिनिट-सेकंद, ग्रॅड, रेडियन किंवा सर्व्हेअरची पद्धत. दशांशानंतर किती स्थळं दाखवायची हेही तिथेच ठरतं. ‘क्लॉकवाइज’ या चौकटीत खूण केली की फिरण्याची दिशा बदलते आणि ‘डायरेक्शन’ या बटणामागे शून्याची दिशा असते. दुसऱ्याकडून आलेली फाइल उघडल्यावर कोनाचं काम सुरू करण्याआधी ही खिडकी एकदा बघून घ्यावी. या सेटिंग फाइलबरोबर प्रवास करतात. आधीच्या माणसाने शून्य उत्तरेला ठेवलं असेल तर तुमचे ३० अंश भलतीकडेच जातील आणि तुम्ही माऊसला दोष देत बसाल.

कोन टाइप करण्याच्या रीती

रेषेचा पहिला बिंदू दिल्यावर कमांड लाइनवर @५०<३० असं लिहिलं की ५० लांबीची रेषा ३० अंशांत निघते. (आकडे आणि अक्षरं टाइप करताना अर्थातच इंग्रजीत.) @ या चिन्हाचा अर्थ ‘मागच्या बिंदूपासून’ आणि < चा अर्थ ‘या कोनात’. लांबी माहीत नसेल आणि फक्त दिशा पक्की करायची असेल तर नुसतं <३० लिहावं. मग कर्सर त्या दिशेच्या रेषेला जखडतो आणि लांबी माऊसने किंवा दुसऱ्या रेषेला टेकवून ठरवता येते.

अंश, मिनिट, सेकंद लिहिताना अंशाच्या गोल चिन्हाऐवजी इंग्रजी डी हे अक्षर वापरतात: ४५डी३०'१५". मध्ये जागा सोडायची नाही, कारण ऑटोकॅडमध्ये स्पेस म्हणजे एंटर. आकडा मिनिट-सेकंदांत मिळाला असेल तर तो तसाच द्यावा, मनात दशांशात बदलू नये. १२७ अंश १५ मिनिटं २० सेकंद म्हणजे १२७.२५५६ अंश होतात. घाईत ते १२७.१५२० असं टाइप केलं तर ४८.६० मीटर लांबीच्या हद्दीचं टोक जवळजवळ ९ सेंटिमीटर सरकतं. ६० चा हिशेब १०० च्या चौकटीत कोंबल्यामुळे हे होतं.

‘पोलर ट्रॅकिंग’ (एफ१०) चालू असेल तर ठरावीक कोनांवर कर्सर आपोआप अडकतो: ९०, ४५, ३०, २२.५, १५ वगैरे. यादीत नसलेला कोन ‘अॅडिशनल अँगल्स’मध्ये घालता येतो. ठिपक्यांची मार्गरेषा दिसत असताना लांबी टाइप केली तर कोन बरोब्बर तोच मिळतो, अंदाजाने नाही. त्याच खिडकीत हा कोन मूळ शून्यापासून मोजायचा की नुकत्याच काढलेल्या रेषेपासून, याचाही पर्याय आहे. वळणावळणाची पाइपलाइन काढताना दुसरा पर्याय सोयीचा पडतो.

सावध राहायचं ते ‘डायनॅमिक इनपुट’ (एफ१२) चालू असताना. कर्सरजवळच्या छोट्या चौकटीत दिसणारा कोन ० ते १८० मध्येच असतो, आणि टाइप केलेला आकडा कर्सर ज्या बाजूला असेल त्या बाजूला लागू होतो. म्हणजे ३० लिहून कर्सर खाली असेल तर रेषा खालीच जाते. शंका असेल तिथे @ वापरून कमांड लाइनवर पूर्ण लिहावं.

दिसणारा आकडा आणि आतला आकडा

नवख्या माणसाची सगळ्यात मोठी फसगत इथे होते. युनिट्समध्ये कोनाची स्थळं शून्यावर ठेवली असतील तर ४४.६ अंशांची रेषा ‘४५’ दिसते. दिसते एवढंच, असते ४४.६ च. स्थळं वाढवली म्हणून रेषा नेमकी होत नाही आणि कमी केली म्हणून बिघडत नाही. ती सेटिंग फक्त दाखवण्यापुरती आहे. आत सगळे आकडे सुमारे १५-१६ अर्थपूर्ण अंकांपर्यंत साठवलेले असतात.

त्याहून महत्त्वाचं म्हणजे रेषेचा कोन ऑटोकॅड साठवतच नाही. साध्या रेषेबद्दल त्याच्याकडे फक्त दोन टोकांचे निर्देशांक असतात. कोन विचारला की तो त्यांच्यावरून काढून सांगतो. कोन म्हणून साठवला जातो तो कमानीचा आरंभ आणि शेवट, किंवा फिरवून बसवलेल्या ब्लॉकचा. म्हणजे रेषेच्या बाबतीत दोन टोकं नेमकी दिली की कोन नेमका येतोच. पुढच्या सगळ्या युक्त्या या एका गोष्टीवर उभ्या आहेत.

गुणोत्तर मिळालं तर गुणोत्तरच द्या

नाशिकच्या कारखान्यांत अनेक व्हीएमसी (व्हर्टिकल मशिनिंग सेंटर) यंत्रं चालतात. त्यांच्या स्पिंडलमध्ये बसणाऱ्या बीटी४० टूल होल्डरचा टेपर ७/२४ असतो. अर्थ असा की २४ मिलिमीटर लांबीत व्यास ७ मिलिमीटरने कमी होतो. हा टेपर काढायचा आहे. कॅल्क्युलेटर घेतला तर एका बाजूचा कोन ८.२९७१४ अंश येतो, म्हणजे ८ अंश १७ मिनिटं ५० सेकंद. बरेचजण ८.३ टाइप करून मोकळे होतात. फरक सुमारे १० सेकंदांचा आहे. ६५ मिलिमीटर लांबीच्या टेपरवर एका बाजूला ३ मायक्रॉन. तो किरकोळ वाटतो, पण हा टेपर पूर्ण लांबीभर टेकावा लागतो आणि ब्ल्यू लावून तपासला जातो. स्वतःहून चुकीला जागा द्यायचं काही कारण नाही, विशेषतः बरोबर रीत जास्त सोपी असताना.

ती रीत अशी: रेषेचा पहिला बिंदू द्या आणि मग @४८,७ लिहा. व्यास २४ ला ७ बदलतो, म्हणजे त्रिज्या २४ ला साडेतीन, म्हणजेच ४८ ला ७. कोन टाइप केलाच नाही, तरी तो आतल्या पंधराव्या अंकापर्यंत बरोबर आला. मग ही रेषा हवी तेवढ्या लांबीपर्यंत ट्रिम किंवा एक्स्टेंड करावी. मधल्या अक्षाभोवती ‘मिरर’ केलं की दुसरी बाजू तयार.

इथे एक सापळा आहे. ७/२४ चा पूर्ण कोन, म्हणजे दोन्ही बाजूंमधला, १६ अंश ३५ मिनिटं ४० सेकंद आहे. तक्त्यातून हा आकडा उचलून एकेका बाजूला लावला तर टेपर दुप्पट उतरता होतो. टेपर व्यासावर सांगितला आहे की एका बाजूवर, हे आधी पाहावं.

बांधकामातही असंच असतं. व्हीलचेअरच्या रॅम्पचा उतार १२ ला १ असतो. तो ४.७६ अंश होतो. ‘पाच’ म्हणून काढला तर ६ मीटर रॅम्पची उंची ५०० ऐवजी ५२५ मिलिमीटर होते आणि वरचा उंबरा जुळत नाही. नाशिकजवळचं गंगापूर धरण मातीचं आहे, आणि मातीच्या धरणाचे उतार कुठल्याही अभियंत्याच्या नकाशात गुणोत्तरातच लिहिलेले असतात. समजा, उतार २ ला १ आणि उंची ३० मीटर. पायाकडे तो ६० मीटर पसरतो. अंश २६.५६५. ते २६.५ धरले तर पसारा १७ सेंटिमीटरने वाढतो, २७ धरले तर १ मीटर १२ सेंटिमीटरने घटतो. त्याऐवजी @६०,३० लिहिलं की प्रश्नच उरत नाही.

कधी कोन टाळताच येत नाही, उदाहरणार्थ ब्लॉक फिरवताना. तेव्हा ऑटोकॅडचा कमांड लाइनवरचा कॅल्क्युलेटर (’कॅल) कामाला येतो. कोन विचारला असतानाच त्याला बोलावून एटॅन(७/४८) लिहिलं तर उत्तर न छाटता थेट कमांडला मिळतं. त्याचं उत्तर अंशांत असतं. लिस्पमध्ये प्रोग्रॅम लिहिणाऱ्यांनी मात्र विसरू नये की तिथे सगळे कोन रेडियनमध्ये चालतात.

समान भाग करायचे असतील तर

फ्लँजवर ७ भोकं सारख्या अंतरावर हवीत. ३६० भागिले ७ म्हणजे ५१.४२८५७१… हा भागाकार संपतच नाही. ५१.४ लिहून एकेक भोक फिरवत गेलात तर सातवं भोक आपल्या जागेपासून ०.१७ अंश सरकतं. २०० मिलिमीटर पीसीडीवर (भोकांच्या केंद्रांमधून जाणाऱ्या वर्तुळाच्या व्यासावर) ते ०.३ मिलिमीटर होतं, आणि पहिल्या-सातव्यामधलं अंतर इतरांपेक्षा जास्त राहतं. ५१.४३ लिहिलं तर चूक ०.०१५ मिलिमीटरवर येते, पण राहते. कारण प्रत्येक वेळची छाटणी पुढच्या भोकात जमा होत जाते.

इथे ‘पोलर अॅरे’ वापरावा. केंद्र दाखवा, संख्या ७ द्या, भरायचा कोन ३६० द्या. भागाकार सॉफ्टवेअर करतं आणि साचणारी चूक उरत नाही. ज्या कोनाचं मूळ ‘समान वाटणी’ आहे, तिथे वाटणीची संख्याच सांगायची.

आधीच्या रेषेशी नातं असेल तर

पुष्कळदा कोनाची मागणी अशी येते: ‘या भिंतीला समांतर’, ‘या रस्त्याला काटकोनात’, ‘त्या नकाशाला जुळवून फिरव’. अशा वेळी भिंतीचा कोन मोजून तो आकडा पुन्हा टाइप करणं ही सर्वात वाईट रीत. मोजलेला कोन स्क्रीनवर २३.४७ दिसतो, आत तो २३.४६८२१७ असतो. टाइप करताच शेपटी गळते.

त्याऐवजी ‘रोटेट’ कमांडमध्ये ‘रेफरन्स’ हा पर्याय घ्यावा. जुन्या दिशेचे दोन बिंदू स्नॅप करून दाखवा, मग नव्या दिशेचे दोन. आकडा कुठेच मध्ये येत नाही. समांतर रेषेसाठी ‘ऑफसेट’, काटकोनासाठी ‘परपेंडिक्युलर’ स्नॅप. ‘एक्सलाइन’ या अमर्याद रेषेतही ‘अँगल’ पर्यायाखाली ‘रेफरन्स’ आहे: आधीची रेषा निवडायची आणि तिच्यापासून किती अंश ते सांगायचं.

एखाद्या तिरक्या इमारतीवर बरंच काम करायचं असेल तर प्रत्येक रेषेला कोन देत बसू नये. ‘यूसीएस’ कमांडने अक्षच त्या भिंतीला लावून घ्यावेत. मग ‘ऑर्थो’ (एफ८) लावून काढलेली प्रत्येक रेषा भिंतीला समांतर किंवा काटकोनातच जाते. काम संपल्यावर अक्ष ‘वर्ल्ड’वर परत आणायला विसरू नये.

जमिनीच्या मोजणीतले कोन

शेतजमिनीच्या जुन्या टिपणात कोन लिहिलेलाच नसतो. शंकू-साखळीच्या मोजणीत एक आधाररेषा धरत आणि शंकूने काटकोन काढून दोन्ही बाजूंचे लंब मोजत. ३३ फुटांची साखळी, तिचे १६ आणे. शंकूला काटकोनापलीकडे दुसरा कोन काढायचं कामच नव्हतं. असं टिपण कॅडमध्ये आणताना कागद स्कॅन करून त्यावर कोनमापक लावणं म्हणजे कागदाच्या आक्रसण्याला पुरावा मानणं. आकडे टिपणावर आहेतच, तेच वापरावेत.

आधाररेषा काढा आणि यूसीएसचा एक्स अक्ष तिला लावा. टिपणात ५ साखळ्या ४ आण्यांवर डावीकडे २ साखळ्या ८ आण्यांचा लंब असेल तर तो बिंदू फुटांत १७३.२५,८२.५ एवढाच लिहायचा. एकेक बिंदू असा मांडून जोडला की बांधाचे सगळे कोन आपोआप उमटतात. या बिंदूकडे आधाररेषेच्या टोकापासून जाणारी दिशा २५.४६ अंशांची आहे, पण ती कुणी मोजली नव्हती आणि आपल्यालाही टाइप करावी लागली नाही.

टोटल स्टेशनने केलेल्या मोजणीत मात्र कोन ही खरोखरच मूळ नोंद असते. यंत्र अंश, मिनिट, सेकंद वाचून देतं. समजा, एका हद्दीचं बेअरिंग १२७ अंश १५ मिनिटं २० सेकंद आहे, उत्तरेपासून काट्यांच्या दिशेने. रेषा आग्नेयेकडे जायला हवी. ऑटोकॅडच्या मूळ सेटिंगमध्ये हाच आकडा टाइप केला तर ती वायव्येकडे जाते, कारण तिथे शून्य पूर्वेला आहे आणि मोजणी उलटी.

यातून सुटायच्या तीन वाटा आहेत. पहिली, ९० मधून बेअरिंग वजा करणं: उत्तर उणे ३७ अंश १५ मिनिटं २० सेकंद, म्हणजेच ३२२ अंश ४४ मिनिटं ४० सेकंद. दुसरी, सर्व्हेअरच्या पद्धतीने पाद सांगणं: दक्षिणेकडून पूर्वेकडे ५२ अंश ४४ मिनिटं ४० सेकंद. हे इंग्रजी एस ने सुरू करून ई ने संपवतात, मध्ये जागा न सोडता: @४८.६<एस५२डी४४'४०"ई. तिसरी, युनिट्समध्ये शून्य उत्तरेला आणि दिशा क्लॉकवाइज करून बेअरिंग जशीच्या तशी देणं. शंभर बेअरिंग असतील तर तिसरी वाट सोयीची. फक्त काम झाल्यावर सेटिंग मूळपदी आणावी, नाहीतर त्याच फाइलवर नंतर दार-खिडक्या फिरवणारा माणूस गोंधळेल.

सगळ्या बाजू काढून झाल्यावर शेवटचा बिंदू पहिल्यावर येऊन मिळतो का, ते पाहावं. मिळत नसेल तर ओढून मिळवू नये. आधी आतल्या कोनांची बेरीज करावी. पाच कोपऱ्यांच्या प्लॉटची ती ५४० अंश असायला हवी. बेरीज बरोबर असेल तर चूक लांबीत आहे, नसेल तर कोनात. एवढ्यावरून निम्मा शोध संपतो.

सूर्याचा कोन

घराच्या नकाशात आणखी एक खराखुरा कोन येतो, तो उन्हाचा. २० अंश अक्षांशावर विषुवदिनी, म्हणजे मार्च आणि सप्टेंबरच्या २१-२२ च्या सुमारास, माध्यान्हीचा सूर्य क्षितिजापासून ७० अंश वर असतो. २२ डिसेंबरच्या आसपास तो साडेशेहेचाळीस अंशांवर उतरतो. मेच्या तिसऱ्या आठवड्यात बरोबर डोक्यावर येतो आणि त्यानंतर काही आठवडे किंचित उत्तरेलाच राहतो.

दक्षिणेकडच्या खिडकीवर छज्जा किती काढावा, हे या कोनांवरून सेक्शनमध्येच पाहता येतं. दक्षिण उजवीकडे धरून सेक्शन काढला असेल तर छज्ज्याच्या बाहेरच्या टोकापासून @२०००<२५० ही रेषा विषुवदिनाचं ऊन दाखवते. १८० मध्ये ७० मिळवले की २५०. हिवाळ्यासाठी @२०००<२२६.५. छज्जा ४५० मिलिमीटरचा असेल तर विषुवदिनी त्याची सावली भिंतीवर सव्वा मीटरच्या जवळपास खाली येते आणि १.२ मीटरची खिडकी पूर्ण झाकते. डिसेंबरात तीच सावली ४७५ मिलिमीटरवर थांबते आणि खिडकीच्या खालच्या भागातून ऊन आत येतं. नाशिकच्या थंडीत ते हवंच असतं. इथे कोन दशांशाच्या चौथ्या स्थळापर्यंत नेण्यात अर्थ नाही, कारण छज्जाच सेंटिमीटरच्या हिशेबाने ओतला जातो.

नातं लक्षात ठेवणारी सॉफ्टवेअर

सॉलिडवर्क्स, क्रिओ, कॅटिया, फ्रीकॅड अशा पॅरामेट्रिक सॉफ्टवेअरमध्ये रेषा आधी अंदाजाने काढतात आणि मग तिच्यावर बंधनं घालतात: ही आडवी, या दोन समांतर, यांच्यात ६० अंश. ही कल्पना फार जुनी आहे. इव्हान सदरलँड यांनी १९६३ साली एमआयटीमध्ये मांडलेल्या ‘स्केचपॅड’मध्येही पडद्यावरच्या रेषांना समांतर किंवा काटकोनात बांधता येत असे.

इथेही तोच नियम लागू पडतो. टेपर द्यायचा असेल तर ८.३ चं कोनमाप देऊ नये. काटकोन त्रिकोणाच्या दोन बाजूंना ४८ आणि ७ अशी मापं द्यावीत, किंवा कोनाच्या चौकटीत आकड्याऐवजी सूत्र लिहावं. मग कोनाचं माप नुसतं वाचण्यापुरतं ठेवता येतं. फायदा पुढे होतो: ग्राहकाने टेपर बदलला तर एक आकडा बदलतो आणि बाकी सगळं त्याच्या मागे जातं. आकडा छाटून कोन दिला असेल, तर तो कुठून आला होता हे सहा महिन्यांनी कुणालाच सांगता येत नाही.

तपासणी आणि ड्रॉइंगवर काय लिहायचं

काम झाल्यावर तपासायचं असेल तर युनिट्समध्ये कोनाची स्थळं तात्पुरती आठवर न्यावीत आणि ‘लिस्ट’ कमांडने रेषेचा कोन वाचावा. ४५.०००००००० आलं तर ठीक. ४४.९९८२१३५७ आलं तर कुठेतरी स्नॅप चुकला आहे किंवा रेषा डोळ्यांच्या अंदाजाने टेकवली आहे. डायमेन्शनवरच्या मजकुरावर विसंबू नये, कारण त्याची स्थळं वेगळ्या सेटिंगने ठरतात आणि तो निमूटपणे ४५ दाखवत राहतो. आणि तो मजकूर हाताने बदलून ‘४५’ करणं तर कधीच करू नये. सीएनसीचा प्रोग्रॅम मजकुरावरून बनत नाही, रेषेवरून बनतो.

कागदावर मात्र आठ स्थळं लिहायची नसतात. शॉप फ्लोअरवरच्या बेव्हल प्रोट्रॅक्टरचा लीस्ट काउंट साधारण ५ मिनिटांचा असतो. ८.२९७१४ अंश वाचून फिटर काय करणार? त्याला ‘टेपर ७/२४’ हे लिहून दिलं की तो सायन बार आणि स्लिप गेज घेऊन बसतो. १०० मिलिमीटरच्या सायन बारवर टेपर आडवा ठेवून पूर्ण कोन तपासायचा, तर गेजांची उंची २८.५५९ मिलिमीटर लागते. गुणोत्तर दिलेलं असेल तर तो हे स्वतः काढू शकतो.

आणि प्रत्येक कोनाला किती सूट आहे तेही सांगावं. स्वतंत्र टॉलरन्स दिलेला नसेल आणि ड्रॉइंगवर आयएसओ २७६८ चा मध्यम वर्ग लिहिला असेल, तर कोनाच्या आखूड बाजूच्या लांबीवरून सूट ठरते: १० मिलिमीटरपर्यंत १ अंश, ५० पर्यंत ३० मिनिटं, १२० पर्यंत २० मिनिटं, ४०० पर्यंत १० मिनिटं आणि त्यापुढे ५ मिनिटं, सगळं अधिक-उणे. बाजू लांब होते तशी सूट घटते. कारण तेच, जे सुरुवातीच्या हिशेबात दिसलं: लांब रेषेच्या टोकाला छोटा कोनही मोठा होतो.

तेव्हा कोन द्यायची वेळ आली की हात कीबोर्डवर जाण्याआधी क्रम असा लावावा. गुणोत्तर असेल तर दोन बाजू द्या. समान वाटणी असेल तर संख्या द्या. आधीच्या रेषेशी नातं असेल तर ती रेषा दाखवा. सूत्र असेल तर सूत्र लिहा. यंत्राने किंवा ग्राहकाने खरोखरच अंशांत दिला असेल तरच आकडा टाइप करा, आणि तो ज्या रूपात मिळाला त्याच रूपात, एकही अंक न गाळता.